मदत हवी आहे: ओव्हनच्या दिव्यावरची काच निघत नाहीये

मंडळी, आमच्या बिल्ट-इन ओव्हनचा आतला दिवा परवा नानकटाई भाजतानाच गेला. तेव्हापासून दाराला मोबाईलचा टॉर्च लावून रंग बघतेय. एक अख्खा ट्रे त्यातच करपला.

मेन स्विच बंद करून, ओव्हन पूर्ण गार झाल्यावर बल्बवरची काचेची वाटी डावीकडे फिरवून पाहिली. ढिम्म हलत नाही. कडेला तुपाचा पिवळा थर डिंकासारखा बसलाय. रबरी हातमोजे घालून झाले, गरम पाण्यात पिळलेलं फडकं दहा मिनिटं दाबून धरलं. आणखी जोर लावायची भीती वाटते, तडकली तर नुसती काच कुठे शोधू?

शिवाय बल्बही मिळत नाहीये. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकवाल्याने फ्रिजचा १५ वॉटचा पुढे केला, "आटे तेच आहेत ताई, चालेल." आटे असतील हो तेच, पण भट्टीत कसा टिकणार तो! एलईडीचं तर नावच नको. मला ई-१४ आट्यांचा, २५ वॉटचा, ३०० अंश सेल्सिअस सोसणारा हवाय. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत कुणी घेतलाय का? आणि ती वाटी कशी काढू?