शब्दचर्चा: पॉप्स, म्युझिकल, साँगरायटर, याला मराठीत काय म्हणायचं?

नमस्कार मंडळी, एका छोट्याशा कामात अडकलेय, मदत हवीये. मी बॉस्टनला राहते, इथल्या आमच्या मराठी ग्रुपसाठी अधूनमधून एक पानभर लिहून द्यायचं असतं, आणि या वेळी सिम्फनी हॉलमधल्या पॉप्सच्या कार्यक्रमाबद्दल लिहायला घेतलंय. ब्रॉडवेची, म्हणजे न्यूयॉर्कच्या थिएटरांतल्या म्युझिकल्सची, गाणी ज्यांनी केली त्या लोकांवरचा कार्यक्रम होता, रिचर्ड रॉजर्स, ऑस्कर हॅमरस्टाइन, गर्शविन बंधू, कोल पोर्टर, अर्विंग बर्लिन असे सगळे. आई सांगलीहून आलीये, तिलाही नेलं होतं. तर मी पहिलं वाक्य लिहिलं, "बॉस्टन पॉप्स ऑर्केस्ट्राने म्युझिकल थिएटरच्या साँगरायटर्सना साजरं करणारी कॉन्सर्ट सादर केली." आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, यात मराठी कुठंय, आणि माणसांना कुणी साजरं करतं का, सण साजरे करतात.

बरोबर आहे तिचं. पण मग काय लिहू? पॉप्स म्हणजे पॉप म्युझिक नाही हे एका शब्दात कसं सांगू, ऑर्केस्ट्राला वाद्यवृंद म्हणू का, म्युझिकलला संगीत नाटक म्हटलं तर चालेल का, आणि साँगरायटरला तर मला शब्दच सापडत नाहीये. गीतकार म्हटलं की फक्त शब्द लिहिणारा, संगीतकार म्हटलं की फक्त चाल देणारा. सुचवा प्लीज.

*

ताई, पॉप्स तसंच ठेवा, त्या शब्दाला स्वतःचा इतिहास आहे. पॉप्युलर कॉन्सर्ट्सचं ते लाडकं रूप आहे, लंडनला १८५९ पासून सोमवारचे असे स्वस्तातले कार्यक्रम व्हायचे त्यांना लोक मंडे पॉप्स म्हणायचे. तुमच्या बॉस्टनमध्ये हेन्री ली हिगिन्सन यांनी १८८१ ला सिम्फनी ऑर्केस्ट्रा काढला आणि १८८५ ला उन्हाळ्यातले हलकेफुलके कार्यक्रम सुरू केले, व्हिएन्नाला शिकत असताना तिथल्या बागांमधलं संगीत त्यांनी ऐकलं होतं, शिवाय वादकांना उन्हाळ्यातही काम मिळालं पाहिजे हाही विचार होता. पहिल्यांदा त्याला प्रोमेनाड कॉन्सर्ट म्हणायचे, पॉप्स हे नाव पक्कं झालं १९०० साली, सिम्फनी हॉल उघडला त्याच वर्षी. म्हणजे आज आपण ज्याला पॉप म्हणतो त्याच्या किती आधीचा शब्द आहे बघा. तुम्ही एकदाच "पॉप्स, म्हणजे सिम्फनीच्या वादकांनी लोकांच्या आवडीची गाणी वाजवायची" असं लिहून टाका आणि पुढे बिनधास्त पॉप्स म्हणा.

ऑर्केस्ट्राचं मात्र जपून. आपल्याकडे "गणपतीत ऑर्केस्ट्रा आहे" म्हटलं की गायक-गायिका, निवेदक, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, कोंगो आणि सिनेमाची गाणी, हे चित्र डोळ्यापुढे येतं. तो अर्थ चुकीचा नाही, मराठीत तो पन्नासेक वर्षं पक्का झालाय आणि त्याने गावोगावच्या लोकांना खूप आनंद दिलाय. पण वाचणाऱ्याचा घोटाळा होऊ नये म्हणून पहिल्यांदा "सिम्फनी ऑर्केस्ट्रा" असं पूर्ण लिहा. वाद्यवृंद चांगला शब्द आहे, आकाशवाणीने दिल्लीत १९५२ ला वाद्यवृंद काढला तेव्हापासून कानाला सवय आहे, पण त्यात सतार, सरोद, बासरी ऐकू येते, फ्रेंच हॉर्न ऐकू येत नाही.

*

ऑर्केस्ट्रावरून आठवलं म्हणून सांगतो, मूळ ग्रीक शब्दाचा वाद्यांशी संबंधच नाही, रंगमंचापुढची नाचायची मोकळी जागा म्हणजे ऑर्केस्ट्रा, आणि तो अर्थ अमेरिकेत अजून जिवंत आहे. न्यूयॉर्कला ब्रॉडवेच्या नाटकाचं तिकीट काढलं तेव्हा त्यावर ऑर्केस्ट्रा असं छापलेलं, माझ्या काकूंना वाटलं आपल्याला वादकांच्यात बसवणार, त्या घाबरल्याच. ते म्हणजे आपलं खालचं प्रेक्षागृह, बाल्कनी सोडून. लंडनला त्याच जागेला स्टॉल्स म्हणतात.

*

म्युझिकलला संगीत नाटक म्हणायला माझी काही हरकत नाही, पण माझ्या मते ही दोन भावंडं आहेत, एकच माणूस नाही. आपलं संगीत नाटक अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात आनंदोद्भव थिएटरात शाकुंतलचे पहिले चार अंक केले तिथून धरतात. आणि अमेरिकेतलं, गोष्ट आणि गाणी एकमेकांत नीट विणलेलं म्युझिकल, ते १९२७ चं शो बोट आणि मग १९४३ चं ओक्लाहोमा इथून. म्हणजे वयाने आपलं मोठं. फरक असा की आपल्याकडे पद आलं की नाटक थांबायचं आणि गाणं सुरू व्हायचं, गायक नट ते रागात फुलवणार, लोक ऐकत बसणार, गोष्टीला घाई नाही. तिकडे गाणं सुरू झालं तेव्हा माणूस ज्या मनःस्थितीत होता त्याच्या एक पाऊल पुढे तो गाणं संपताना गेलेला असतो, आणि कोरस, नाच हे सगळं त्यात आलं. म्हणून लेखात मी लिहीन "ब्रॉडवेची संगीत नाटकं", ब्रॉडवे हा शब्द जोडला की कुणाला बालगंधर्व आठवणार नाहीत. संगीतिका नको, तो शब्द ऑपेरा आणि रेडिओवरच्या प्रकाराला गेलाय.

आणि गाण्यांना पदं म्हणू नका हो. पद म्हटलं की पायपेटी, तबला आणि सारंगी आलीच.

*

साँगरायटरवर मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण हा शब्द मी कित्येक वर्षं भाषांतरात टाळत आलोय आणि दर वेळी टाळल्याचं वाईट वाटतं.

इंग्रजीत साँगरायटर म्हणजे गाणं करणारा, मग त्याने शब्द केले असोत, चाल केली असो किंवा दोन्ही. अर्विंग बर्लिन आणि कोल पोर्टर दोन्ही करायचे. बर्लिनला तर नोटेशन वाचता येत नव्हतं, पियानोच्या काळ्या पट्ट्यांवर एकाच स्केलमध्ये वाजवायचा आणि खाली एक दांडा सरकवला की स्केल बदलणारा पियानो त्याने घेतला होता. गर्शविन बंधूंमध्ये जॉर्जची चाल, आयराचे शब्द. पुढच्या पिढीतला सॉण्डहाइम १९५७ च्या वेस्ट साइड स्टोरी या म्युझिकलमध्ये फक्त शब्दांचा धनी, चाली बर्न्स्टाइनच्या, आणि १९६२ पासून स्वतःच्या नाटकांत दोन्ही त्याचंच. आता यातल्या प्रत्येकाला गीतकार म्हणावं की संगीतकार? एकाच वाक्यात सगळ्यांना बसवायचं तर दोन्ही शब्द तोकडे पडतात.

आपल्याकडे हे दोन खण वेगळे का झाले? मला वाटतं सिनेमा आणि रेडिओमुळे, तिथे नावं वेगवेगळी जाहीर व्हायला लागली, गीत अमुक, संगीत तमुक. जुन्या नाटकात तसं नव्हतं. किर्लोस्कर स्वतः पद रचायचे, चाल आधीची कुठली तरी घ्यायचे, कीर्तनातली, लावणीची, कानडी मुलखातली. माझ्या आजोबांकडे जुनी नाटकाची पुस्तकं होती, पिवळी पडलेली, पानाला हात लावला की कोपरा हातात यायचा, त्यात प्रत्येक पदाच्या डोक्यावर कंसात राग, ताल आणि पुढे "चाल" म्हणून दुसऱ्याच एखाद्या गाण्याचे पहिले दोन शब्द छापलेले असायचे. वाचणाऱ्याला ते दोन शब्द पुरायचे, त्यावरून अख्खं पद म्हणता यायचं. म्हणजे चाल आधी, शब्द मागून. पुढे खाडिलकरांच्या १९११ च्या मानापमानला गोविंदराव टेंबे आणि १९१६ च्या स्वयंवरला भास्करबुवा बखले आले, तेव्हा चालीचा धनी वेगळा दिसायला लागला.

आणि गंमत बघा, तिकडेही हाच प्रश्न. रॉजर्स जेव्हा लॉरेन्झ हार्टबरोबर काम करायचा तेव्हा बहुतेक वेळा चाल आधी व्हायची आणि हार्ट तिच्यावर शब्द बसवायचा. हॅमरस्टाइनबरोबर उलटं झालं, शब्द आधी, चाल नंतर. तोच माणूस, तोच पियानो, पण गाणी ऐका, स्वभावच बदललाय. हार्टबरोबरची गाणी वळणं घेत जातात, हॅमरस्टाइनबरोबरची सरळ, मोकळी, बोलल्यासारखी. आपल्या स्टुडिओत "मीटरवर (म्हणजे तयार चालीवर) लिहिलंय का आधी लिहिलंय" असं विचारतात ना, तोच हा प्रश्न.

म्हणून माझी सूचना, नवीन नाम शोधूच नका. क्रियापद आपल्याकडे तयार आहे, रचणं. "गाणं रचलं" म्हटलं की शब्द आणि चाल दोन्ही त्यात येतात, ओवी रचली, अभंग रचला, लावणी रचली, तिथे कुणी विचारत नाही की शब्द का चाल. "ब्रॉडवेची गाणी रचणारे" लिहा. जोडीबद्दल लिहिताना मग खुशाल गीतकार-संगीतकार करा. गीतरचनाकार असंही कुणी सुचवेल, पण ते बोलून बघा, कुठल्या घरात ऐकू येतं?

*

सगळ्यांचे मनापासून आभार. रचणारे एकदम पटलं, आईने तर लगेच मान हलवली. आता अजून एक. कार्यक्रमपत्रिकेत लिहिलं होतं की अमुक गाणं व्हर्ससकट म्हणणार आहेत, मी व्हर्सला कडवं लिहिलं, पण तसं वाटलं नाही ऐकताना. गायिकेने आधी काहीतरी बोलल्यासारखं म्हटलं, निवेदक थांबल्यावर ऑर्केस्ट्रा नुसता मागे धरून होता, आणि मग ओळखीची ओळ आली तेव्हा माझ्या शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी हातातला ग्लास खाली ठेवला आणि ओठ हलवायला लागले. (पॉप्सच्या दिवसांत खालच्या खुर्च्या काढून टेबलं मांडतात, खात-पीत ऐकायचं.) आणि "अरेंज्ड बाय" ला काय म्हणू?

*

कडवं नाहीच ते, बरं झालं विचारलंत. त्या काळातल्या ब्रॉडवेच्या गाण्याचे दोन भाग असतात. आधीचा तो व्हर्स, संवादातून गाण्यात उतरायची पायरी, ताल जरा सैल. मग रिफ्रेन, तोच लोकांना पाठ असतो, साधारण ३२ बारचा (बार म्हणजे तालाचं एक छोटं माप), आठ-आठचे चार तुकडे, पहिला, तसाच दुसरा, तिसरा वेगळा, आणि चौथा पुन्हा पहिल्यासारखा. तिसऱ्याला ब्रिज म्हणतात, आपल्या अंतऱ्याच्या जवळचा, पण छोटा, आणि एकदाच येऊन जातो. पोर्टरने एक गाणं १०८ बारचं केलं ते मुद्दाम सांगतात, कारण नेहमीचं माप मोडलं. व्हर्सला मी "गाण्याआधीचा बोलका तुकडा" म्हणेन. आपल्या जुन्या नाटकात साकी-दिंडी म्हणायचे त्या चवीचा, पण साकी म्हणू नका, ते वेगळं वृत्त.

अरेंजरला मराठीत नेमका शब्द आहे, संगीत संयोजक. नुसतं संयोजक लिहू नका, लोकांना वाटेल हॉल बुक करणारा माणूस. संयोजन म्हणजे चाल तीच, पण कुठलं वाद्य कुठे काय वाजवणार ते सगळं लिहून काढणं. रॉबर्ट रसेल बेनेट हे नाव लेखात घ्याच, ओक्लाहोमा, साउथ पॅसिफिक, द किंग अँड आय यांचं संयोजन त्यांचं, थिएटरात रंगमंचापुढच्या खड्ड्यात बसणाऱ्या वीसतीस वादकांसाठी. पॉप्समध्ये तेच गाणं रंगमंचावरच्या मोठ्या ऑर्केस्ट्रासाठी पुन्हा लिहावं लागतं. आपल्या हिंदी-मराठी सिनेमात हे काम सेबास्टियन डिसोझांसारख्या गोव्याच्या मंडळींनी केलं, सुरावटी कागदावर लिहिणारे तेच, आणि मराठीत अनिल मोहिल्यांचं नाव आपण "संगीत संयोजन" असंच ऐकत आलो. या लोकांची नावं ठळक लिहायला हवीत असं मला फार वाटतं.

*

लिहिलं बघा: "सिम्फनी हॉलमध्ये बॉस्टन पॉप्सने ब्रॉडवेच्या संगीत नाटकांची गाणी रचणाऱ्यांचा गौरव केला." आईला वाचून दाखवलं, म्हणाली गौरव नको, गौरव म्हटलं की शाल-श्रीफळ येतं. मग केलं, "सिम्फनी हॉलमध्ये पॉप्सचा कार्यक्रम ऐकला, ब्रॉडवेची गाणी ज्यांनी रचली त्यांच्या गाण्यांचा." हे तिने पास केलं.

तिचा एक शेवटचा प्रश्न मात्र राहिलाय आणि तो मी इथेच विचारते. त्या रात्री कार्यक्रम संपल्यावर आई जोरात "वन्स मोअर" म्हणाली, सांगलीच्या सवयीने, आणि आजूबाजूच्या एकालाही कळलं नाही ती काय म्हणतेय, शब्द तर त्यांच्याच भाषेतले.

*

काकूंना सांगा, तो शब्द आता आपलाच. इंग्रज प्रेक्षक ओरडतो एन्कोर, तो शब्द फ्रेंच, आणि फ्रेंच प्रेक्षक स्वतः एन्कोर म्हणत नाही, बिस म्हणतो. आणि एक फरक आहे, आपला वन्स मोअर म्हणजे आत्ता म्हटलेलं तेच पद पुन्हा, नाटकाच्या मधेसुद्धा, तिकडचं एन्कोर म्हणजे कार्यक्रम संपल्यावर वेगळं काहीतरी. पॉप्समध्ये शेवटी अमेरिकन संगीतकार सूझाचा स्टार्स अँड स्ट्राइप्स फॉरएव्हर हा मार्च वाजवायचा रिवाज आहे, तो वाजला ना?

*

वाजला. आई टाळ्यांनी ठेका धरून होती. घरी येताना गाडीत म्हणाली, छान होतं, पण मला ते आधीचं ग्लासवाल्या आजोबांचं गाणं पुन्हा हवं होतं.