घरी सगळं येतं, पेपरात पहिली वीस मिनिटं वाया जातात (दहावी, गणित)

सुदामानगर_आई
मुलगी दहावीला आहे, सीबीएसई, गणित स्टँडर्ड. घरी उदाहरणं भराभर सोडवते. प्री-बोर्डला (शाळेतल्या सराव परीक्षेला) मात्र सुरुवातीला हात थरथरले, बोटांना मुंग्या आल्या, सूत्रं आठवेनात. नंतर जमलं, पण केस स्टडीचे (प्रसंग देऊन विचारलेले) प्रश्न राहून गेले. काय करावं?

गणित_शिक्षिका
ताई, घरी ती धडा समोर ठेवून सोडवते का ते आधी बघा. वरचं उदाहरण पाहून खालचं सोडवलं की येतंय असं वाटतं, पण कोणतं सूत्र लावायचं हे शोधायची सवयच होत नाही. पेपरात नेमकं तेच लागतं. रविवारी १०:३० ते १:३० पूर्ण पेपर लावा. पुस्तक बंद, मोबाईल दुसऱ्या खोलीत, भिंतीवर घड्याळ. तपासताना चुका तीन रकान्यांत लिहा: येत नव्हतं, येत होतं पण सुचलं नाही, प्रश्न चुकीचा वाचला. मधला रकाना कमी होतोय का, त्यावर लक्ष ठेवा.

वेळेचा हिशेब: ८० गुण, १८० मिनिटं. गुणाला दोन मिनिटं धरली तरी २० मिनिटं उरतात. १०:१५ ते १०:३० फक्त वाचायचं असतं. तेव्हा पाच गुणांच्या चार प्रश्नांपैकी हमखास येणारे दोन मनाशी पक्के करावेत आणि लिखाणाची सुरुवात तिथूनच करावी. क्रम बदलला तरी चालतं, प्रश्नक्रमांक मात्र ठळक हवा. एका गुणाच्या प्रश्नावर दोन मिनिटांपेक्षा जास्त अडकायचं नाही, खूण करून पुढे जायचं.

समुपदेशक_इंदूर
मुंग्या येतात त्या बहुतेक भरभर श्वासामुळे. रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटं झिणझिणतात, डोकं हलकं होतं, आणि मूल आणखी घाबरतं. म्हणून "खोल श्वास घे" असं सांगू नका, मोठमोठे श्वास घेतल्याने हे वाढतं. नाकाने चार आकडे आत, सहा आकडे सावकाश बाहेर, असं दहा वेळा. दोन मिनिटंही लागत नाहीत. पण आजपासून रोज दोनदा करून घ्या, हॉलमध्ये पहिल्यांदा करून फारसा उपयोग नाही.

पेपरआधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर उतरवणं हाही चांगला उपाय आहे. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांचा यावरचा अभ्यास २०११ साली ‘सायन्स’मध्ये आला होता: घाबरणाऱ्या मुलांचे गुण त्याने सुधारले. कागद कुणी वाचायचा नाही, तुम्हीसुद्धा.

सुदामानगर_आई
धन्यवाद. आदल्या रात्री किती वाजेपर्यंत बसू द्यावं? आणि सकाळी खायला?

समुपदेशक_इंदूर
साडेनऊला वह्या बंद. झोपेतच पाठांतर पक्कं होतं, आठ तास हवेतच. लग्नसराईत डीजेचा आवाज येत असेल तर मागची खोली द्या. सकाळी आठच्या सुमारास पोहे चालतील, शेव बेताची. नुसत्या जिलबीवर पाठवू नका. चहा रोजचाच, जास्तीचा कप नको.

गणित_शिक्षिका
आणि गेटबाहेर मैत्रिणींशी सूत्रांची उजळणी टाळायला सांगा, घरी आल्यावर "किती येतील?" हा प्रश्न तुम्ही टाळा. पुढच्या पेपरची झोप त्यानेच उडते.

समुपदेशक_इंदूर
एक राहिलं. दोन आठवडे झोप किंवा जेवण बिघडलेलं असेल, वारंवार उलट्या होत असतील, तर वरच्या उपायांवर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. "जगायचं नाही" असं एकदा जरी बोलली तरी तिला एकटी ठेवू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, २४ तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं.