कबड्डीच्या अंतिम सामन्याआधी राष्ट्रगीत: कोणी उभं राहिलं नाही तर संयोजकांनी काय करायचं?

उजवा_कोपरा
मंडळाची तालुका पातळीवरची कबड्डी स्पर्धा आहे. मॅटवर, रात्रीचे सामने, एका बाजूला गॅलरी आणि बाकी प्लास्टिकच्या खुर्च्या. अंतिम सामन्याआधी राष्ट्रगीत लावायचं ठरलंय, पण बैठकीत दोन गोष्टींवर घोडं अडलं. एका संघातला खेळाडू धार्मिक कारणानं राष्ट्रगीत म्हणत नाही, फक्त उभा राहतो. त्याला रांगेत घ्यायचं की नाही? आणि काही कार्यकर्ते म्हणतात, जो प्रेक्षक उठणार नाही त्याला तिथल्या तिथे बाहेर काढायचं. असा काही नियम आहे का? साउंडच्या बाजूनं काय सांभाळायचं तेही सांगा. देशभक्तीवर भाषण नको, पद्धत हवी.

कलम_आणि_कागद
पहिल्या प्रश्नाचं उत्तर १९८६ सालीच मिळालंय. केरळमधल्या तीन शाळकरी मुलांना राष्ट्रगीत म्हणत नाहीत म्हणून शाळेतून काढलं होतं. ती यहोवाज विटनेसेस या ख्रिस्ती पंथाची होती आणि राष्ट्रगीताच्या वेळी आदरानं उभी राहत होती. बिजो इमॅन्युएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं त्यांना परत शाळेत घ्यायला लावलं. राष्ट्रगीत म्हणायलाच हवं अशी सक्ती करणारा कायदा नाही आणि नीट उभं राहणाऱ्यानं अनादर केला असं होत नाही, हे त्या निकालाचं सार. तुमच्या खेळाडूला बिनधास्त रांगेत घ्या.

दुसरा प्रश्न जरा नाजूक आहे. १९७१ च्या राष्ट्रीय सन्मान अवमान प्रतिबंधक कायद्याचं कलम ३ बघा. राष्ट्रगीत गाण्याला मुद्दाम अटकाव करणं किंवा ते गाणाऱ्या सभेत गडबड करणं, एवढंच त्यात गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. नुसतं बसून राहणं त्यात नाही. २०२१ मध्ये जम्मू-काश्मीर आणि लडाख उच्च न्यायालयानं हेच म्हटलं: उभं न राहणं हा अनादर ठरू शकेल, मूलभूत कर्तव्याचं पालन झालं नाही असंही म्हणता येईल, पण तेवढ्यानं कलम ३ चा गुन्हा होत नाही. गृह मंत्रालयाच्या आदेशांत श्रोत्यांनी सावधान उभं राहावं असं स्पष्ट आहे, पण न राहणाऱ्याला शिक्षा त्यात लिहिलेली नाही.

आता गंमत बघा. एक माणूस गप्प बसलाय आणि राष्ट्रगीत चालू असताना तुमचा कार्यकर्ता खुर्च्यांमधून वाट काढत त्याच्यावर ओरडायला जातो. सभेत गडबड कोणी केली? मारहाण केली तर भारतीय न्याय संहितेचं कलम ११५ (इजा पोचवणं) त्याच्यावरच लागेल, बसलेल्यावर नाही. २०१६ मध्ये पणजीच्या एका मल्टिप्लेक्समध्ये उभं न राहिल्याबद्दल मारहाण झाली ती मणक्याची दुखापत असलेल्या, व्हीलचेअर वापरणाऱ्या माणसाला. मागून बघणाऱ्याला समोरच्याचं कारण दिसत नसतं.

थिएटरचा दाखला कोणी दिलाच तर सांगा, नोव्हेंबर २०१६ ची देशभरातली सक्ती सर्वोच्च न्यायालयानंच ९ जानेवारी २०१८ ला काढून राष्ट्रगीत लावणं ऐच्छिक केलं.

साउंडचेक
वाद होतात ते बहुतेक वेळा बसणाऱ्यांमुळे नाही, ढिसाळ आयोजनामुळे. हलगी वाजतेय, वडापावच्या गाडीवर झुंबड आहे, आणि मध्येच ‘जन गण मन’ सुरू. निम्म्यांना कळतच नाही.

पूर्ण राष्ट्रगीत साधारण ५२ सेकंदांचं. पहिल्या आणि शेवटच्या ओळीची छोटी आवृत्ती २० सेकंदांची असते, ती तुमच्यासाठी नाही. फाइल आधी उतरवून घ्या आणि तिची लांबी बघा. सव्वा-दीड मिनिटाची निघाली तर त्यात आलाप नाहीतर सुरुवातीचं संगीत घुसलंय, लोक गाताना गडबडतील. मोबाइलवरून थेट नेटवरचा व्हिडिओ लावू नका. ऐन वेळी साबणाची जाहिरात लागते. फोन एअरप्लेन मोडवर, जोडणी वायरनं. ब्लूटूथ लावलंत तर दुसऱ्याच कुणाचा फोन जोडला जातो आणि ‘कनेक्टेड’ची घोषणा लाउडस्पीकरवर घुमते.

कर्ण्यांकडे लक्ष द्या. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. दोन कर्णे १०० मीटर अंतरावर असतील तर एकाजवळ बसलेल्याला दुसऱ्याचा आवाज पाव सेकंदाहून जास्त उशिरा पोचतो, आणि सगळे गायला लागले की ओळी एकमेकींवर चढतात. त्या मिनिटापुरते लांबचे कर्णे बंद, फक्त मॅटजवळचे स्पीकर चालू. सामूहिक गायचं असेल तर पाच-सहा जणांचा गट एका माइकशी उभा करा, बाकीचे त्यांच्या मागोमाग येतात.

बँड असेल तर गृह मंत्रालयाच्या आदेशांतच सोय आहे: आधी ड्रमचा रोल, संथ चालीच्या ७ पावलांइतका. हळू सुरू होतो, चढतो, पुन्हा उतरतो, मग एका ठोक्याची विश्रांती आणि राष्ट्रगीत. लोकांना कळावं यासाठीच तो आहे. बँड नसेल तर हे काम निवेदकाचं. वाद्यं दोन मिनिटं आधी थांबवा आणि म्हणा, ‘राष्ट्रगीतासाठी कृपया उभे राहा. ज्यांना शक्य नाही त्यांनी बसून राहिलं तरी चालेल.’ मग २० सेकंद थांबा. गॅलरीतल्या माणसाला मांडीवरचं पोर सावरून उठायला तेवढे लागतात. ते दुसरं वाक्य गाळू नका, तुमच्या निम्म्या कटकटी तिथेच मिटतील.

बोनस_रेषा
प्रेक्षकांबद्दल मान्य. पण खेळाडू आणि प्रेक्षक एका मापात मोजू नका. खेळाडू स्पर्धेचे नियम मान्य करून उतरतो. अमेरिकेत एनबीए या बास्केटबॉल लीगचा नियमच आहे की राष्ट्रगीताला खेळाडूंनी रांगेत, नीट उभं राहायचं. १९९६ मध्ये महमूद अब्दुल-रौफला त्यावरून एका सामन्यापुरतं निलंबित केलं होतं. तिथल्याच अमेरिकी फुटबॉलमध्ये कॉलिन केपर्निक हा खेळाडू २०१६ मध्ये राष्ट्रगीताला आधी बसला, मग गुडघ्यावर टेकला, तेव्हा त्या खेळाच्या एनएफएल लीगकडे उभं राहण्याची सक्तीच नव्हती. म्हणजे तुमच्या माहितीपत्रकात काय छापलंय त्यावर सगळं आहे. ‘राष्ट्रगीताच्या वेळी दोन्ही संघ मध्यरेषेच्या दोन बाजूंना रांगेत उभे राहतील’ एवढं आधी छापा. ऐन वेळी तोंडी फर्मान काढाल तर कर्णधार ऐकणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच असेल.

छातीवर हात ठेवायला मात्र सांगू नका. ती अमेरिकी रीत. आपल्याकडे सावधान, हात बाजूला.

कलम_आणि_कागद
@बोनस_रेषा, ‘उभे राहतील’ ठीक. ‘म्हणतील’ छापू नका, वरचा निकाल आडवा येईल.

उजवा_कोपरा
राज्यगीतही लावायचं चाललंय. आधी कुठलं? आणि दारात तिरंगे वाटायचेत.

साउंडचेक
मान राष्ट्रगीताचा पहिला. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीत आहे, दोन कडव्यांचं, १ मिनिट ४१ सेकंदांचं. त्यालाही सावधान उभं राहायचं. आजारी, दिव्यांग, वृद्ध, गरोदर बायका आणि लहान मुलांना शासनानं सूट दिलीय. हाच धागा घोषणेत वापरा. खेळाडू वॉर्मअप करून आलेले असतात, दोन्ही गीतं लागोपाठ लावून त्यांना थंड करू नका. राज्यगीत उद्घाटनाला घ्या.

तिरंगे कागदी असतील तर चालतील, ध्वजसंहितेत क्रीडास्पर्धांसाठी तशी मुभा आहे. पण खेळ संपल्यावर जमिनीवर पडू द्यायचे नाहीत. बाहेरच्या दाराशी दोन पोती आणि दोन पोरं ठेवा. झेंड्यावर मंडळाचं किंवा प्रायोजकाचं नाव छापायचं नाही, पाहुण्यांच्या टेबलावर तो अंथरायचा नाही, कमरेखाली गुंडाळायचा नाही. हे वर आलेल्या १९७१ च्या कायद्याच्या कलम २ मध्ये येतं, आणि तिथे ‘आम्हाला माहीत नव्हतं’ चालत नाही.