विषय: आपला आठवा मतदारसंघ, क्रेन ते कृष्णमूर्ती

प्रेषक: एल्गिनहून एक सभासद

सप्रेम नमस्कार.

मी अलीकडेच अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असून मार्च २०२६ च्या प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, प्रथमच मतदान करणार आहे. आपले इलिनॉयचे डेमोक्रॅटिक प्रतिनिधी राजा कृष्णमूर्ती सेनेटच्या निवडणुकीला उभे राहिल्याने प्रतिनिधीगृहातली आठव्या मतदारसंघाची जागा मोकळी होत आहे. ही जागा मुळातच डेमोक्रॅटिक पक्षाची आहे, असे मी आजवर धरून चालले होते. परंतु कामावरचे एक जुने सहकारी परवा म्हणाले की, येथे पस्तीस वर्षे एकच रिपब्लिकन प्रतिनिधी निवडून येत असे. काका, आपण मोटोरोलाच्या दिवसांपासून शॉम्बर्गला आहात. हे खरे आहे का, आणि असल्यास हा बदल कसा घडला? आपले मंडळ करमुक्त संस्था असल्याने येथे प्रचार चालत नाही, हे मला ठाऊक आहे. मत कोणाला द्यावे असे मी विचारत नसून केवळ इतिहास विचारत आहे.

---

प्रेषक: शॉम्बर्गहून

अनेक आशीर्वाद.

तुझे सहकारी म्हणतात ते खरे आहे, मात्र त्यात एक मेख आहे. ते रिपब्लिकन प्रतिनिधी म्हणजे फिलिप क्रेन. ज्या आठव्या मतदारसंघाने त्यांना निवडून दिले आणि ज्या आठव्यात तू राहतेस, त्यांचा क्रमांक एक असला तरी जमीन पुष्कळशी वेगळी आहे. इलिनॉयची लोकसंख्या देशाच्या मानाने वाढीत मागे पडत गेल्यामुळे लागोपाठ तीन जनगणनांनंतर राज्याची एकेक जागा कमी झाली. विसाच्या सतरा झाल्या आणि दर वेळी नकाशा नव्याने आखावा लागला. तो नकाशा राज्याचे विधिमंडळ आखते, म्हणजे ज्याच्या हाती विधिमंडळ त्याच्या हाती पेन्सिल.

क्रेन हे इतिहासाचे प्राध्यापक आणि कट्टर पुराणमतवादी. येथले आधीचे प्रतिनिधी डोनाल्ड रम्सफेल्ड राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या प्रशासनात गेल्यामुळे रिकामी झालेली जागा त्यांनी १९६९ च्या पोटनिवडणुकीत जिंकली. त्या वेळी मतदारसंघाचा क्रमांक तेरावा होता, पुढे बारावा झाला आणि १९९३ पासून आठवा. १९८० साली रेगन यांच्यासमोर ते राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठीही उभे राहिले होते. शिकागोच्या वायव्येकडची ही उपनगरे तेव्हा अशी होती की रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी मिळाली, की निवडणूक जिंकल्यातच जमा असे. शॉम्बर्गचेच पाहा: १९५६ मध्ये गावाला स्वतंत्र दर्जा मिळाला तेव्हा वस्ती जेमतेम १३० माणसांची होती, १९७१ मध्ये वुडफील्ड मॉल उघडला, १९७६ मध्ये मोटोरोलाचे मुख्यालय आले आणि मक्याच्या शेतांवर घरे उभी राहिली. घर घेणारे बहुतेक लोक शिकागो शहर सोडून आलेले होते आणि मालमत्ता कर हा त्यांचा कायमचा सल होता. कर कमी करण्याची भाषा करणारे क्रेन त्यांना आपले वाटत. आपल्यासारखे अभियंते त्याच मोटोरोलापायी येथे आले खरे, पण मतदार म्हणून आमची गणती व्हायला पुढे बरीच वर्षे जावी लागली.

२००४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या मेलिसा बीन यांनी क्रेन यांना हरवले. ही निवडणूक मला सर्वांत बोलकी वाटते, कारण २००२ मध्ये याच बीन याच सीमारेषांत क्रेन यांच्याकडून हरल्या होत्या. शिवाय २००४ मध्ये याच मतदारांनी राष्ट्राध्यक्षपदासाठी बुश यांना स्पष्ट बहुमत दिले होते. म्हणजे पुष्कळ लोकांनी एकाच मतपत्रिकेवर वर बुश आणि खाली बीन अशी निवड केली. क्रेन मतदारसंघात फिरकत नाहीत, हा बीन यांच्या प्रचाराचा मुख्य मुद्दा होता आणि तो लोकांना पटला. बीन स्वतःही मध्यममार्गी, उद्योगांना सांभाळून घेणाऱ्या होत्या. २०१० च्या रिपब्लिकन लाटेत टी पार्टी या करविरोधी रिपब्लिकन गटाचे जो वॉल्श यांनी त्यांना अवघ्या २९० मतांनी हरवले. ग्रीन पक्षाच्या उमेदवाराला त्या फरकाच्या कितीतरी पट मते मिळाली होती आणि निकाल स्पष्ट व्हायला जवळपास दोन आठवडे लागले. (हेच वॉल्श २०२० मध्ये ट्रम्प यांच्याविरुद्ध रिपब्लिकन उमेदवारी मागायला निघाले होते. राजकारणात काय पाहावे लागेल याचा नेम नाही.)

त्यानंतर मात्र पेन्सिल चालली. २०११ मध्ये विधिमंडळ आणि राज्यपालपद दोन्ही डेमोक्रॅटिक पक्षाकडे होते. त्यांनी आठव्यातून मॅकहेन्री आणि लेक काउंट्यांचा (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) रिपब्लिकन कल असलेला मुलूख काढून तुमचे एल्गिन, कार्पेंटर्सव्हिल, ॲडिसन हे भाग जोडले. वॉल्श यांचे घरही मतदारसंघाबाहेर गेले. २०१२ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या टॅमी डकवर्थ यांनी त्यांना सुमारे दहा टक्क्यांच्या फरकाने हरवले. इराकच्या युद्धात दोन्ही पाय गमावलेल्या डकवर्थ २००६ मध्ये शेजारच्या सहाव्या मतदारसंघात थोडक्यात हरल्या होत्या. त्यांनी २०१२ च्या प्राथमिक निवडणुकीत ज्यांना मागे टाकले, ते होते कृष्णमूर्ती. डकवर्थ सेनेटवर गेल्या तेव्हा, २०१६ मध्ये, कृष्णमूर्तींना ही जागा मिळाली. जाता जाता एक गंमत: क्रेन साठच्या दशकात पिओरियाच्या ब्रॅडली विद्यापीठात शिकवत असत आणि कृष्णमूर्तींचे वडीलही पुढे त्याच विद्यापीठात प्राध्यापक झाले.

---

प्रेषक: हॉफमन इस्टेट्सहून

काकांना सा. न.

माहिती उत्तम आहे, तथापि सगळे श्रेय पेन्सिलीला देणे मला मान्य नाही. बार्टलेटचे स्वामिनारायण मंदिर २००४ मध्ये उघडले; एवढे मोठे मंदिर उभे राहते तेव्हा भोवतालची वस्ती आधीच बदललेली असते. एल्गिनमध्ये आज दहापैकी चारांहून अधिक रहिवासी हिस्पॅनिक आहेत. २०१८ मध्ये तर दोन्ही प्रमुख पक्षांचे उमेदवार भारतीय वंशाचे होते. रेषा कशाही ओढल्या असत्या तरी क्रेन यांच्या काळातला मतदार परत येणार नव्हता.

---

प्रेषक: शॉम्बर्गहून

आपला मुद्दा रास्त आहे, परंतु वस्ती आणि मतदार यांत मी फरक करतो. मतदारसंघ आखताना जनगणनेतला प्रत्येक रहिवासी मोजला जातो. २०२० च्या जनगणनेनुसार इलिनॉयमध्ये एका मतदारसंघाला सुमारे ७ लाख ५४ हजार माणसे येतात. त्यांत लहान मुले आहेत, ग्रीन कार्डवाले आहेत, एच-१बी व्हिसावर आलेली आपली मंडळी आहेत. आपल्या कोजागिरीला जमणाऱ्यांपैकी कितीजण मोजले जातात आणि कितीजण मत देतात, हे कधी तरी ताडून पाहावे. नवी वस्ती मतपेटीत उमटायला एक पिढी लागते, रेषा मात्र पुढच्याच निवडणुकीत उमटते. शिवाय वस्ती एका दिशेने बदलली म्हणजे मतेही त्याच दिशेने जातील, असे धरू नये. २०२० मध्ये रिपब्लिकन पक्षाने येथे उमेदवारच दिला नव्हता. पण २०२२ आणि २०२४ मध्ये कृष्णमूर्तींची मते सुमारे ५७ टक्क्यांवर राहिली. जागा भक्कम आहे, पण कोणी गृहीत धरावी इतकी नाही. मोकळी जागा म्हटल्यावर मेलिसा बीनसुद्धा डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत उतरल्या आहेत, हे आपण पाहिलेच असेल.

एल्गिनच्या भगिनीसाठी दोन व्यावहारिक गोष्टी सांगतो. इलिनॉयमध्ये मतदार म्हणून नोंदणी करताना पक्ष सांगावा लागत नाही, पण प्राथमिक निवडणुकीच्या दिवशी केंद्रावरचे अधिकारी कोणत्या पक्षाची मतपत्रिका हवी असे विचारतात आणि ती निवड सार्वजनिक नोंदीत राहते. तुझे मत अर्थात गुप्तच राहते. दुसरे म्हणजे तुझे गाव कुक आणि केन अशा दोन काउंट्यांत विभागलेले आहे. मतदारसंघ एकच असला तरी निवडणूक कार्यालय वेगळे असते. कुकच्या बाजूला २०१२ पासून हिंदी मतपत्रिकेची सोय आहे. केनच्या बाजूला इंग्रजीखेरीज स्पॅनिशची. घर कोणत्या बाजूला येते ते मालमत्ता कराच्या बिलावर छापलेले असते, तेवढे पाहून मग त्या काउंटीच्या संकेतस्थळावर आपले केंद्र शोध.