मंदीत उत्पादनापेक्षा व्यापार जास्त का कोसळतो?

प्रश्न: २००९ मध्ये जगाचं उत्पादन थोडंच घटलं, पण व्यापाराचं आकारमान सुमारे १२ टक्क्यांनी पडलं. एवढी तफावत का? आणि जर्मनी आपटली, शेजारचा पोलंड मात्र वाढतच राहिला, हे कसं?

उत्तर १: जीडीपीत, म्हणजे एकूण उत्पादनात, सेवा जास्त, व्यापारात यंत्रं आणि गाड्या. गाडीची खरेदी वर्षभर ढकलता येते, दवाखाना नाही. शिवाय एकच सुटा भाग तीन सीमा ओलांडतो आणि दर वेळी पूर्ण किमतीला मोजला जातो, म्हणून आकड्यात अशा मालाचं वजन फुगतं.

उत्तर २: साठा विसरलात! विक्री थोडी घटली तरी व्यापारी आधी गोदाम रिकामं करतो, त्यामुळे कारखान्याची ऑर्डर कितीतरी जास्त तुटते. त्यात बँका लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे विक्रेत्याला पैसे मिळण्याची हमी, द्यायला कचरल्या. बाल्टिक ड्राय निर्देशांक (मालवाहू जहाजांच्या भाड्याचा मापक) मे २००८ मध्ये ११,७९३ होता, डिसेंबरात ६६३.

उत्तर ३: पोलंडची देशांतर्गत बाजारपेठ मोठी, आणि तिथलं चलन झ्लॉटी घसरल्यामुळे निर्यात स्वस्त झाली. पण चलन घसरणं म्हणजे रामबाण उपाय नव्हे. हंगेरीचं फोरिंटही पडलं. तिथली बरीच गृहकर्जं स्विस फ्रँकमध्ये होती, त्यामुळे लोकांचे हप्तेच वाढले.