ॲमस्टरडॅममध्ये आई-बाबांसोबत तीन दिवस: काय ठेवावे, काय गाळावे?

कृष्णाकाठ:
माझा भाऊ नोकरीनिमित्त ड्युसेलडॉर्फला राहतो. येत्या एप्रिलमध्ये आई-बाबांना घेऊन मी त्याच्याकडे जाणार असून, तेथून रेल्वेने २५ तारखेला ॲमस्टरडॅमला जावे आणि २८ तारखेला परतावे असा बेत आहे. आम्हां तिघांचाही हा पहिलाच युरोप प्रवास आहे. बाबांना डायरी लिहिणारी ॲन फ्रँक नाझींपासून जिथे लपून राहिली ते घर पाहायचे आहे, आणि आईला कालवे व ट्यूलिपची फुले. आईचे गुडघे दुखतात. सपाट रस्त्यावर ती सावकाश तासभर चालू शकते, मात्र जिने तिला झेपत नाहीत. दोघेही शाकाहारी आहेत. प्रिन्सेनग्राख्त या कालव्यावरील एका जुन्या घरात तिसऱ्या मजल्यावरची खोली मी पाहून ठेवली आहे. माझ्या यादीत चार संग्रहालये, कॉयकेनहॉफची बाग, पवनचक्क्यांचे गाव आणि जवळचे हार्लेम शहर एवढे सगळे आहे. यातले काय गाळावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

आम्स्टेलवासी:
मी नऊ वर्षांपासून शेजारच्या आम्स्टेलव्हेनमध्ये राहतो. सर्वांत आधी तारखा बदला. २७ एप्रिल हा राजाचा वाढदिवस आहे. त्या दिवशी सारे शहर नारिंगी कपडे घालून रस्त्यावर उतरते, पदपथांवर जुन्या वस्तूंची दुकाने मांडली जातात, आणि मध्यभागातील ट्रामसेवा बऱ्याच अंशी बंद असते. तरुणांसाठी तो सोहळा अविस्मरणीय असला, तरी दुखऱ्या गुडघ्यांनी त्या गर्दीत उभे राहणे फार कठीण जाईल. आदल्या रात्रीपासूनच गर्दी सुरू होते. तुम्ही १४ ते १७ एप्रिल असे आलात, तर ट्यूलिपही बहरात असतील.

दुसरी गोष्ट त्या खोलीची. कालव्यांवरील जुनी घरे अरुंद आणि उंच आहेत. त्यांचे जिने इतके उभे असतात, की पायरीवर अर्धेच पाऊल मावते आणि उतरताना दोराला किंवा कठड्याला धरून आडवे उतरावे लागते. घराच्या माथ्याकडे नीट पाहिलेत, तर पुढे आलेली एक तुळई आणि तिला अडकवलेला लोखंडी आकडा दिसेल. जिन्यातून कपाट वा पलंग नेता येत नाही, म्हणून आजही सामान दोराने बाहेरून वर ओढून खिडकीतून आत घेतात. लिफ्ट असल्याचे लेखी कळल्याखेरीज अशा घरात खोली घेऊ नका. स्थानकाजवळचे किंवा ट्रामच्या थांब्यालगतचे लिफ्टचे साधे हॉटेल तुम्हाला अधिक सोयीचे पडेल. दर पाहताना हेही लक्षात ठेवा, की खोलीभाड्यावर १२.५ टक्के पर्यटन कर लागतो आणि तो पुष्कळदा सुरुवातीच्या किमतीत दाखवलेला नसतो.

दुपारची_गाडी:
मागच्या वर्षी आम्ही दोघे गेलो होतो, त्या अनुभवावरून लिहिते. ॲन फ्रँकच्या घराची तिकिटे फक्त त्यांच्या संकेतस्थळावरच मिळतात. दर मंगळवारी तिथल्या सकाळी दहा वाजता, सहा आठवड्यांनंतरच्या भेटींची तिकिटे खुली होतात. मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत ही वेळ म्हणजे आपल्याकडचे दुपारचे अडीच. नेमके अडीचलाच बसा, कारण तिकिटे पाहता पाहता संपतात.

ट्राम, बस, मेट्रो आणि रेल्वे या सर्वांसाठी वेगळे तिकीट काढण्याची गरज नाही. बँकेचे कार्ड चढताना व उतरताना यंत्राला टेकवले की पुरते. मात्र प्रत्येक प्रवाशाचे कार्ड स्वतंत्र हवे. आम्ही पहिल्या दिवशी एकच कार्ड दोघांसाठी टेकवले, तर यंत्राने ते दुसऱ्या वेळी उतरल्याची नोंद म्हणून धरले. म्हणून आई-बाबांच्या कार्डांवर परदेशातील वापर आणि स्पर्शविरहित व्यवहार या दोन्ही सोयी निघण्यापूर्वीच सुरू करून घ्या.

संग्रहालयांपैकी राइक्सम्युझियम हे राष्ट्रीय संग्रहालय ठेवावे आणि बाकीची विनासंकोच गाळावीत, असे माझे मत आहे. तिथे लिफ्ट आहे, बसायला बाक आहेत. रेम्ब्रांटचे १६४२ चे ‘रात्रीचा पहारा’ हे भव्य चित्र सगळेच पाहतात. पण व्हरमेर या चित्रकाराची ‘दूध ओतणारी बाई’ अवश्य पाहा. जेमतेम दीड फूट उंचीचे चित्र आहे, आणि त्यातली दुधाची धार पाहताना आपणही नकळत श्वास रोखून धरतो.

आम्स्टेलवासी:
वरील मताशी मी पूर्ण सहमत आहे. पवनचक्क्या आणि हार्लेम हेही या वेळी सोडा. एक दिवस कॉयकेनहॉफला द्या, तिथल्या वाटा सपाट आहेत. उरलेला वेळ पाण्याच्या काठी जाऊ द्या. १६१३ पासून खणलेले हे अर्धवर्तुळाकार कालवे २०१० साली जागतिक वारसा ठरले; त्यांची खरी शोभा रांगेत उभे राहून नव्हे, तर बाकावर निवांत बसून दिसते. एप्रिलमध्ये रात्री साडेआठपर्यंत उजेड असतो. वारा बोचरा असल्याने नौकाविहारासाठी काचेने बंद असलेली नाव निवडा. मुख्य स्थानकाच्या मागून आय या जलाशयापलीकडे जाणारी फेरीबोट मोफत आहे आणि तिच्यात चढायला पायऱ्या नाहीत. आईंना ती नक्की आवडेल.

जेवणासाठी सुरिनामी खानावळी शोधा. १८७३ पासून बिहार आणि उत्तर प्रदेशाच्या भागांतून सुरिनामला, म्हणजे दक्षिण अमेरिकेतील तेव्हाच्या डच वसाहतीत, मजूर म्हणून नेलेल्या लोकांचे वंशज पुढे इथे आले. त्यांची मऊ रोटी, बटाटा आणि शेंगांची भाजी तुमच्या आई-बाबांना परकी वाटणार नाही. शाकाहारी हवे हे मात्र स्पष्ट सांगा. एरवी सोबत कोंबडी येते.

कृष्णाकाठ:
आपणा दोघांचेही मनापासून आभार. तारखा १४ ते १७ केल्या, ती खोली सोडली. एकच शंका उरली आहे: ॲन फ्रँकच्या घरातले जिने आईला चढता येतील का?

दुपारची_गाडी:
जुन्या भागातले जिने फार उभे आहेत. त्यांना नेऊ नका. बाबा आत असताना तुम्ही दोघी जवळच्या वेस्टरकेर्क चर्चपाशी बसा. लपलेल्या काळात ॲनला ऐकू येत असत, त्या याच मनोऱ्याच्या घंटा. दर पाव तासाला त्या आजही वाजतात.