रोल खाऱ्या हवेनं गेला की लॅबनं घालवला?

वेंगुर्लेकर: कोडॅक गोल्ड २०० या रंगीत फिल्मचे दोन रोल, एकाच खोक्यातले. शिरोड्याच्या किनाऱ्यावर एकाच कॅमेऱ्यात लागोपाठ काढले. एक जवळच्या लॅबमध्ये धुतला, दुसरा कुरियरनं मुंबईला पाठवला. मुंबईचा झकास आलाय. इथला मात्र करडा, रंग मेलेले, ग्रेन (चित्रातले दाणे) जाड. लॅबवाला म्हणतो, खाऱ्या हवेनं फिल्म गेली. पटतं का?

जुना स्टुडिओवाला, मालवण: खारी हवा काय निवडून एकाच रोलार बसता? स्कॅन बाजूला ठेवा, निगेटिव्ह उजेडावर धरा नि कडेची अक्षरं-आकडे बघा. ते कारखान्यातच एक्स्पोज झालेले (उजेड देऊन उमटवलेले) असतात, त्यात तुमच्या कॅमेऱ्याचा हात नाही. फिके दिसले तर डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं केमिकल, कमजोर. सी-४१ मध्ये, म्हणजे रंगीत निगेटिव्ह धुण्याच्या पद्धतीत, डेव्हलपरला ३७.८ अंश आणि ३ मिनिटं १५ सेकंद लागतात; पाव अंश इकडेतिकडे झालेलंही चालत नाही. आपल्याकडे खरी अडचण गिऱ्हाइकाची. रोल कमी आले की केमिकल टाकीत पडून हवेनंच मरतं. मी मिनीलॅब (फिल्म धुऊन प्रिंट काढायचं छोटं यंत्र) चालवायचो तेव्हा लग्नसराईतल्या निगेटिव्ह पावसाळ्यातल्यांपेक्षा सरस यायच्या, आणि ते काही नवरीच्या मेकअपमुळे नव्हे.

तुमची लक्षणं मात्र मला ब्लीचची वाटतात. रंग तयार झाल्यावर फिल्ममध्ये उरलेली चांदी ब्लीच आणि फिक्सनं काढायची असते. डेव्हलपरचं हवेनं वाटोळं होतं, ब्लीचला उलट हवा लागते. ती नीट खेळली नाही की चांदी आतच राहते. मग रंग मळकट, कॉन्ट्रास्ट चढा, ग्रेन जाड. सिनेमावाले कधी मुद्दाम असं करून घेतात, पण ते सांगून.

रत्नागिरी ३५ एमएम: लांबीच्या दिशेनं सरळ चरे आहेत का तेही बघा. असले तर लॅबच्या मशीनमधल्या रोलरवर कचरा आहे.

वेंगुर्लेकर: चरे नाहीत. अक्षरं ठसठशीत आहेत, पण फिल्म धुरकट आणि गडद. म्हणजे गेलीच ना?

जुना स्टुडिओवाला, मालवण: गेली कशी? अक्षरं ठसठशीत म्हणजे डेव्हलपर ठीक, धुरकटपणा चांदीचा. डेव्हलपमेंट कमी पडली असती तर इलाज नव्हता. राहिलेली चांदी ताज्या ब्लीच-फिक्समधून पुन्हा काढली की निघते, तेही उजेडात. शेवटी धुऊन स्टॅबिलायझर (रंग टिकवणारं शेवटचं द्रावण) द्यायचा. मुंबईला पाठवताना 'फक्त री-ब्लीच, री-फिक्स' असं पाकिटावर ठळक लिहा. आणि पट्ट्या कापल्या असतील तर आधी फोन करा, कापलेली फिल्म सगळेच घेत नाहीत.